धडा आर्चीला नव्हे, प्रिन्सला



अकरावीचे प्रवेश झाले, कॉलेजं सुरू झाली, आणि मंडळाच्या ग्रुपवर दरवर्षीचा तो मेसेज याही वर्षी फिरला. "कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या मुलीला 'सैराट'ची शेवटची दहा मिनिटं जरूर दाखवा." खाली जोडलेले हात, फुलं, आणि "शंभर टक्के खरं" म्हणणाऱ्या पंधरा-वीस जणी. मी त्यांतली नाही. का नाही ते इथे लिहिते, कारण ग्रुपवर लिहिलं तर सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जाईल.

नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २०१६ च्या एप्रिलअखेर आला. त्यानंतर 'झिंगाट' वाजलं नाही अशी एक तरी हळद तुम्हाला आठवते का? आपल्या घरच्या लग्नांत आजीपासून नातीपर्यंत सगळ्या नाचल्या. गाणं आपलं, नाच आपला, आणि सिनेमा मात्र मुलींना बिघडवणारा! बी.कॉम. झालेल्या बाईला असला ताळेबंद पटत नाही.

बिघडवणारा म्हणणाऱ्यांनी तो मध्यंतरापर्यंतच पाहिला असावा. पाटलांची आर्ची, मासेमाऱ्याचा परश्या, करमाळ्याकडचं कॉलेज, विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, सगळं देखणं. पण उत्तरार्धात काय आहे? हैदराबादची झोपडपट्टी, तिथली घाण बघून रडणारी पाटलाची लेक, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, संशयावरून भांडणं. संसाराला काय काय लागतं हे इतकं रोखठोक सांगणारा दुसरा प्रेमपट मी तरी पाहिलेला नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी पळून जाऊ नये हे मीही म्हणते. त्यासाठी मुलीला काही दाखवायचंच तर हा भाग दाखवा.

पण मेसेज म्हणतो, शेवटची दहा मिनिटं. आठवा ती. आर्चीचं आईशी फोनवर बोलणं झालेलं असतं. मग भाऊ आणि नातेवाईक आईकडचा आहेर घेऊन दारात येतात. ती हरखते, त्यांना चहा करून देते. पुढचं मी लिहीत नाही. आवाज बंद होतो आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू घरात येतं, एवढंच.

हे मुलीला दाखवून आपण काय शिकवतो? आगीत हात घातला की भाजतो, तसं प्रेम केलं की मरण येतं, असंच ना? पण आग कुणाच्या पोटी जन्मत नाही. प्रिन्स जन्मला. त्याला कुणीतरी वाढवला. मरण आपोआप आलं नाही, ते आहेराच्या पिशव्या घेऊन जिना चढून आलं. ज्याने मारलं त्याचा धडा ज्यांना मारलं त्यांना द्यायचा, ही कुठली रीत?

दिग्दर्शकाने हे आधीच दाखवून ठेवलंय, आपलं लक्ष नसतं. वर्ग चालू असताना प्रिन्स फोनवर बोलत आत शिरतो आणि हटकणाऱ्या लोखंडे सरांच्या थोबाडीत देतो. त्या घरात त्याला कुणी जाब विचारत नाही. शेवटाची सुरुवात तिथे आहे, आर्चीने परश्याकडे पाहिलं तिथे नाही. मैत्रिणींनो, ताट ढकलून देणारा मुलगा, बहिणीचा फोन तपासणारा मुलगा, यांचं आपण "रागीट आहे जरा, पण घराची काळजी आहे त्याला" म्हणून कौतुक करतो की नाही?

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या कॉस्टिंगच्या पुस्तकात तिच्या भावाला एक चिठ्ठी सापडली होती. चार ओळींची. ती एस.वाय.ला होती, आकडेमोडीत आम्हा सगळ्यांच्या पुढे. पुढच्या सोमवारपासून कॉलेज बंद, वैशाखात लग्न. भाऊ त्याच वर्षी दोन विषयांत नापास झाला, त्याचं कॉलेज कुणी बंद केलं नाही. कुणी कुणाला मारलं नाही, हे खरं. पण तिची पदवी गेली ती गेलीच.

आता आपल्या घरातलं बोलू. पाण्याला गाळणं, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, रस्त्यावरची मुंगी चुकवून चालणं, सगळं आपण करतो. जपमाळेचे १०८ मणी का, हे पाठशाळेत गुणाकार करून शिकलोय: संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन, मन, वचन, काय हे तीन, कृत, कारित, अनुमोदना हे तीन, आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. म्हणजे १०८ पैकी ३६ मणी नुसत्या अनुमोदनेचे. स्वतः केलं नाही, करवलं नाही, फक्त मान डोलावली, त्याचे. आणि घराण्याची इज्जत म्हणून आपण जिला मिरवतो ती त्या चारांतली कोण? मान कषायच ना? "बघ, असं केलं की असं होतं" हे वाक्य लेकीला ऐकवणारी आई चाकूला हात लावत नाही, पण मान डोलावते.

कायद्याचंही एका वाक्यात सांगते. मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा झाला की लग्न कुणाशी करायचं हा त्यांचा प्रश्न आहे, आणि दोन सज्ञानांच्या लग्नात खाप पंचायतीने ढवळाढवळ करणं बेकायदा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आपल्याला जोडीदार पटेल न पटेल. मलाही न पटण्याचा हक्क आहे, मी तो बजावीनही. न पटलं तर अबोला धरावा, भांडावं, रडावं, पण लेकीला फोन करायला भीती वाटेल असं घर करू नये. आर्चीने फोन केला तो आईलाच, हे विसरू नका.

माझा नातू यंदा अकरावीला गेलाय. येत्या रविवारी त्याला शेजारी बसवून हा सिनेमा लावणार आहे, आणि थोबाडीत मारण्याच्या प्रसंगाला थांबवून विचारणार आहे की या मुलाला घरी कुणी काय म्हणायला हवं होतं. त्याच्या आईलाही बसवणार आहे. ज्यांना आपापले मुलगे घेऊन यायचंय त्यांनी जरूर यावं. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे, तेव्हा सूर्यास्ताआधी जेवण उरकूनच या.