शक्तितस्तप, पण शक्ती मोजायची कशी?



दशलक्षण आठ दिवसांवर आलं. गेल्या वर्षीचा एक राग मनात आहे, तो आज लिहूनच टाकते.

तिसऱ्या दिवशी माझी धाकटी जाऊ मंदिरात पूजेला उभी असताना कोसळली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं तुटक. आदल्या दिवशी एकाशन, त्यात मधुमेहाची गोळी नेहमीएवढीच, आणि त्या दिवशी निर्जळी उपवास. दवाखान्यात बोट टोचलं तर साखर ५२. लेकानं आणून दिलेलं मशीन घरी साड्यांच्या कपाटात, खोकंसुद्धा न फोडलेलं. का गं? तर म्हणे, "उपवासात रक्त काढायचं?"

अगं, उपवास म्हणजे आहाराचा त्याग. बोटावरचा रक्ताचा थेंब आहार कधीपासून झाला? आणि हिंसेचं म्हणाल, तर तत्त्वार्थसूत्रानं हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलंय. मशीन घरात असून न बघणं, हा प्रमाद नाही तर काय?

षोडशकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आपण दरवर्षी म्हणतो. शक्तीप्रमाणे तप. मी कॉमर्सची, मला साधं कळतं: खात्यात शिल्लक किती ते न बघता चेक फाडायचा नसतो.

नवऱ्याची साखर मात्र आपण रोज बघतो, वहीत लिहितो. स्वतःसाठी पट्टी वापरायची म्हटली की "महाग असते गं." घरातल्या मोबाइलच्या रिचार्जला कोणी असं म्हणतं का?

तर व्रत घेण्याआधी डॉक्टरांना भेटा. गोळी किंवा इन्सुलिन किती आणि कधी घ्यायचं, ते त्यांनाच ठरवू द्या, स्वतःच्या मनानं बंदही करू नका. हात धुऊन, कोरडे करून मगच टोचा. फळ चिरलेल्या बोटाला गोडवा राहिला तर आकडा खोटा जास्त येतो. टोचायचं बोटाच्या कडेला, तिथं कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळी हवेनं पट्ट्या खराब होतात. आकडा ७०च्या खाली गेला तर उपवास तिथंच सोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं. चक्कर, घाम, थरथर जाणवली तर दिवसातून कितीही वेळा मोजा. लोक काय म्हणतील? म्हणू देत.

जाऊ यंदा डॉक्टरांना विचारून फक्त एकाशनं करणार आहे. रोज सकाळी सहाला मी फोन करणार. आकडा सांगितला तरच तिला मंदिरात बरोबर नेणार.