मिशनची जमीन विश्वस्तांच्या मालकीची नाही

नाशिकच्या शरणपूर रोडला आज सोन्याचा भाव आहे. महापालिकेचं राजीव गांधी भवन याच रस्त्यावर, कॅनडा कॉर्नर हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणच्या मिशनच्या जागेवर बिल्डरांची नजर पडणारच. माझं भांडण त्यांच्याशी नाही, ते आपला धंदा करतात. माझा सवाल चर्चच्या विश्वस्तांना आहे: ही जमीन कुणासाठी घेतली होती?

चर्च मिशनरी सोसायटी नाशकात आली 1832 मध्ये. 1854 मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूरची वस्ती उभी केली. तिथे अनाथ मुलं आली, धर्म बदलला म्हणून घरादाराला मुकलेली माणसं आली. अरबांच्या गुलामवाहू गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलंही आली. त्यांना अक्षरं शिकवली, सुतारकी, लोहारकी शिकवली. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. 1873 मध्ये आफ्रिकेत धर्मप्रसारक प्रवासी लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना या नाशिककर विद्यार्थ्याने वाचली, आणि पुढच्या वर्षी तो त्या मृतदेहासोबत लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेपर्यंत गेला. त्याच 1874 साली प्राइस मोंबासाकडे निघाले, तिथल्या फ्रेअर टाउन या मुक्त गुलामांच्या वस्तीच्या उभारणीत नाशकात शिकलेले आफ्रिकी होते.

मिशनऱ्यांच्या या कामामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, पाठीशी साम्राज्य होतं, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी निराधाराच्या डोक्यावर छप्पर दिलं आणि हाताला काम दिलं. त्यासाठी जमीन लागली, म्हणून ती घेतली. आज नाताळात ब्लँकेट वाटून फोटो काढायचे आणि उरलेलं वर्षभर त्याच जमिनीच्या वाटाघाटी करायच्या, याला मी दानधर्म म्हणणार नाही. हा गरिबाच्या ठेवीवर मारलेला डल्ला आहे.

कायदा स्पष्ट आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36 सांगतं की न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, किंवा शेतजमीन दहा आणि बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. मठ-मंदिरांच्या न्यासांनाही हेच कलम लागू आहे, तेव्हा फक्त चर्चवरच का घसरता, असं मला कुणी विचारू नये. सिंहस्थाच्या नावाखाली जमिनी हलवणाऱ्यांनाही माझा हाच सवाल आहे. पण परवानगीचा कागद मिळाला म्हणजे कर्तव्य संपलं, असं समजणारा विश्वस्त त्या खुर्चीच्या लायकीचा नाही.

पुनर्विकास करायचाच असेल तर जमीन विकू नका, मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या, मालकी न्यासाकडेच ठेवा. इमारतीचा ठरलेला हिस्सा पेठ, सुरगाण्याहून शिकायला येणाऱ्या मुलींच्या वसतिगृहासाठी राखा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या, दहा बाय दहाच्या खोलीत संसार करणाऱ्या कामगारांसाठी परवडणारी घरं बांधा. जात-धर्म न विचारता द्या. उत्पन्न किती, खर्च कुठे, याचा हिशेब दरवर्षी चर्चच्या दारावर लावा.

आणि मंडळींनो, रविवारी बाकावर बसून आमेन म्हणणाऱ्या माझ्या ख्रिस्ती बंधू-भगिनींनो, पुढच्या सभेत उभे राहा. जमिनीबाबत आलेला प्रस्ताव, जागेचं मूल्यांकन आणि धर्मादाय आयुक्तांकडे केलेला अर्ज, हे तिन्ही कागद टेबलावर मागा. ते समोर येईपर्यंत एकाही ठरावाला हात वर करू नका.