घोड्याचं पोट दुखतंय की विषाणूची लागण झालीय? चाकण-पिंपरी पट्ट्यात हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

मे 2025 मध्ये केदारनाथच्या पायी वाटेवर दोन दिवसांत 14 घोडे-खेचरं दगावली आणि उत्तराखंड सरकारला त्यांची ये-जा तात्पुरती थांबवावी लागली. त्याआधी मार्चमध्ये रुद्रप्रयाग जिल्ह्यातल्या काही खेचरांना अश्व इन्फ्लुएंझा, म्हणजे घोड्यांचा फ्लू झाल्याचं आढळलं होतं. यात्रेआधी सुमारे 16 हजार जनावरांची तपासणीही झाली होती. त्यामुळे मृत्यूंची बातमी येताच सगळ्यांनी फ्लूकडेच बोट दाखवलं.

पण नंतर प्रशासनाकडून जी कारणं पुढे आली, त्यात अतिसार आणि तीव्र पोटशूळ यांचा उल्लेख होता. म्हणजे शंका विषाणूची होती आणि बरीच जनावरं गेली पोटाच्या दुखण्याने.

केदारनाथ लांब आहे. पण नेमका हाच गोंधळ चाकण, आळंदी, चिखली, देहू, तळेगाव या पट्ट्यातल्या कुठल्याही तबेल्यात मध्यरात्री होऊ शकतो. घोडी दाणा खात नाही, मान वळवून कुशीकडे बघते, अंगाला घाम सुटलाय. पोट धरलंय की ताप आहे? यावर पुढच्या तासाभरात काय करायचं, घोडी कुठे बांधायची आणि कोणाला फोन करायचा, हे सगळं ठरतं.

कारखान्यांच्या पट्ट्यात घोडे आहेत कुठे?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटलं की डोळ्यांसमोर गाड्यांचे कारखाने येतात. इथल्या सगळ्यात प्रसिद्ध स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचं, चेतकचं नाव आहे, हा योगायोग सोडला तर घोड्याचा इथे काय संबंध, असं वाटू शकतं.

संबंध आहे आणि तो जुना आहे. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव भागात बैलगाडा शर्यतीत घाटात बैलांच्या पुढे घोडी धावते. तिच्यावर स्वार असतो आणि बैल तिच्यामागे सुटतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. डिसेंबर 2021 मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यती परत आल्या, तशी घोडीलाही पुन्हा मागणी आली.

त्याशिवाय लग्नाच्या वरातीतले घोडे आहेत, शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या घोडेस्वारीच्या शाळा आहेत. आणि आषाढी वारी आहे. माउलींच्या पालखीसाठी शितोळे सरकारांचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून पायी आळंदीला येतात.

देशात मात्र घोडे झपाट्याने कमी होत आहेत. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या घोडे-तट्टूंची संख्या सुमारे 3.4 लाख होती, 2012 च्या तुलनेत साधारण 45 टक्क्यांनी कमी. घोडे कमी झाले की घोड्याचं दुखणं ओळखणारी माणसंही कमी होतात. गाई-म्हशींवर रोज उपचार करणाऱ्या गावातल्या डॉक्टरांकडे महिन्यात एखादाच घोडा येत असेल, तर त्यांचा हात त्यावर कसा बसणार?

घोड्याला पोटदुखी इतकी का सोसत नाही?

पोटशूळ हा एक आजार नाही. पोटात दुखतंय एवढंच तो शब्द सांगतो. कारण गॅस असेल, आतड्यात चारा अडकला असेल, वाळू किंवा प्लॅस्टिक गेलं असेल, जंत असतील, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे आतड्याला पीळ पडला असेल.

घोड्याच्या शरीराची रचनाच अशी आहे की साधं दुखणंही पटकन बिघडतं. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला उलटी करता येत नाही. आत वायू किंवा पाणी साचत गेलं तर बाहेर पडायला वाट नसते आणि जठर फुटू शकतं. पुढे मोठं आतडं पोटात घडी घालून बसवलेलं असतं आणि एका वळणावर ते अचानक अरुंद होतं. कोरडा कडबा आणि कमी पाणी अशी जोडी जमली की चारा अडकतो तो बहुधा इथेच.

मोठ्या घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं. वरातीच्या रात्री बँडच्या गोंगाटात उभ्या असलेल्या घोड्याला ते मिळतं का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. त्यातच कौतुकाने कोणी जिलेबी भरवतं, कोणी उरलेल्या पोळ्या. टेम्पोतून उन्हात केलेला प्रवास, शर्यतीनंतर एकदम पुढ्यात टाकलेला हरभऱ्याचा तोबरा, एका दिवसात बदललेला चारा. पोटशूळाची कारणं बहुतेकदा अशीच साधी असतात.

लक्षणं ओळखीची आहेत. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, कुशीकडे वळून बघतो, पोटावर लाथ मारतो, वरचा ओठ वर उचलतो, पुन्हा पुन्हा बसतो-उठतो, लोळतो. लीद कमी होते किंवा थांबते.

मग विषाणू कसा ओळखायचा?

इथे शंभर-दीडशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर कामाला येतो. बऱ्याच तबेल्यांत महागडं खोगीर सापडतं, थर्मामीटर सापडत नाही.

निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण 99 ते 101.5 अंश फॅरनहाइट असतं. ते गुदद्वारातून मोजतात. मोजताना मागे उभं न राहता बाजूला, घोड्याच्या अंगाला चिकटून उभं राहायचं, म्हणजे लाथ बसत नाही. आरामात उभ्या असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. जबड्याखालच्या धमनीवर किंवा डाव्या कोपराच्या मागे ती मोजता येते.

साध्या पोटशूळात सहसा ताप नसतो, पण वेदनेने नाडी वाढते. ती 60 च्या वर गेली आणि तिथेच राहिली तर प्रकरण गंभीर समजायचं. फ्लूमध्ये उलट चित्र दिसतं. आधी ताप चढतो, तोही 103 ते 106 अंशांपर्यंत. मग कोरडा खोकला येतो, नाकातून पाणी येतं, घोडा मान खाली घालून गप्प उभा राहतो. तो लोळत नाही. आणि एक घोडा खोकायला लागला की एक-दोन दिवसांत शेजारचाही खोकतो. पोटशूळ असा पसरत नाही.

पण सीमारेषा इतकी स्वच्छ नसते. ताप आलेला घोडा खाणं-पिणं सोडतो, आतडी सुस्त पडतात, चारा अडकतो आणि विषाणूने सुरू झालेलं दुखणं पोटशूळावर येतं. पोटदुखी आणि ताप एकत्र दिसले तर आतड्यालाच संसर्ग झालेला असू शकतो. अशा घोड्याला पातळ लीद होत असेल तर तो वेगळा बांधायलाच हवा.

इतर आजारांनाही विसरून चालत नाही. अश्व नागीण विषाणूमुळे गाभण घोडी गाभडते, कधी मागचे पाय लुळे पडतात. सर्रा हा विषाणू नाही. घोडेमाश्यांच्या चाव्यातून पसरणारा तो रक्तातला परजीवी आहे. त्यात ताप येतो-जातो, घोडा खंगत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. रक्ताच्या तपासणीत तो सापडू शकतो, पण तपासणी व्हायला आधी शंका यावी लागते.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?

आधी पुढ्यातला चारा आणि दाणा काढून घ्यायचा. लक्षणं कधी सुरू झाली, शेवटची लीद कधी पडली, काल काय खाल्लं, नाडी किती, ताप किती, हिरड्यांचा रंग कसा आहे, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवायचं. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ती पांढुरकी, विटकरी किंवा जांभळट दिसत असेल तर फोनवर हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. लोळण्याचा छोटा व्हिडिओही डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.

घोडा शांत आडवा पडला असेल तर त्याला उठवायची गरज नाही. जोराने लोळत असेल आणि इजा होण्याची भीती असेल तर हळूहळू फिरवता येतं. पण तासन् तास पळवत ठेवणं ही जुनी समजूत आहे. दमलेल्या घोड्याची त्यात आणखी वाट लागते. बेभान लोळणाऱ्या घोड्याच्या जवळ कोणी जायचं नाही, मालकानेही नाही.

सगळ्यात धोक्याचा उपाय सगळ्यात लोकप्रिय आहे: बाटलीने तोंडात तेल ओतणं. ते तेल श्वासनलिकेत उतरलं तर घोडा पोटशूळातून वाचतो आणि न्यूमोनियाने जातो. डॉक्टर तेल किंवा पाणी देतात ते नाकातून थेट जठरात नळी घालून. त्याच नळीने साचलेला वायू आणि पाणी बाहेर काढतात. हे काम शिकलेल्या हाताचंच आहे.

घरात पडलेलं वेदनाशामकही देऊ नये. दुखणं दबतं, घोडा उभा राहतो, सगळ्यांना हायसं वाटतं आणि आत आतडं पिळलेलंच असतं. डॉक्टर आल्यावर त्यांनाही खरं चित्र दिसत नाही. डायक्लोफेनॅकवर तर गिधाडांच्या मृत्यूंमुळे 2006 पासून जनावरांसाठी बंदी आहे.

ताप किंवा खोकला असेल तर घोडा वेगळा बांधायचा, त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा ठेवायचा, आणि निरोगी घोड्यांचं काम आधी उरकून मगच आजारी घोड्याकडे जायचं. फ्लूनंतर घोडा आठवड्यात टवटवीत दिसतो, पण श्वसनमार्ग भरून यायला तीन-चार आठवडे लागतात. ऐन यात्रा-जत्रांच्या हंगामात एवढी विश्रांती देणं मालकाला परवडत नाही. खरी अडचण इथे आहे, आणि ती माहितीची नसून पैशांची आहे.

मदत मिळते कुठे?

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे आणि शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. अश्वरोगांसाठी देशातली प्रमुख संस्था हरियाणात, हिसारला आहे. घोड्याचं पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याची सोय मात्र राज्यात मोजक्याच ठिकाणी आहे.

नकाशावर ही अंतरं छोटी दिसतात. पण संध्याकाळी पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या तळेगाव चौकातून आजारी घोडा टेम्पोत घालून न्यायचा म्हणजे काय, हे तिथे अडकलेल्या कोणालाही सांगायला नको. म्हणून घोडा हलवण्यापेक्षा डॉक्टर तबेल्यावर येणं बरं. त्यासाठी घोडे हाताळणाऱ्या दोन डॉक्टरांचे नंबर दुखणं यायच्या आधीच भिंतीवर लिहिलेले हवेत.

मालक आजार लपवतात का?

या विषयातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. 2006 मध्ये महाराष्ट्रात ग्लँडर्स हा रोग पुन्हा आढळला. तो जिवाणूमुळे होतो, माणसालाही होऊ शकतो, आणि तपासणीत सापडलेल्या घोड्याला दयामरण द्यावं लागतं. नाकातून घट्ट स्राव आणि अंगावर गाठी ही त्याची लक्षणं. सुरुवातीला तो साध्या सर्दीसारखा वाटू शकतो. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण शर्यतीच्या घोडीची बाजारातली किंमत आणि सरकारी भरपाई यांत मोठं अंतर असतं.

त्यामुळे नाक वाहणारा घोडा दिसला की काही जणांचा पहिला विचार डॉक्टरला बोलावण्याचा नसतो, दुसऱ्या गावी हलवण्याचा असतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार ग्लँडर्स, अश्व इन्फ्लुएंझा आणि सर्रा यांची शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे. पण भीतीपुढे कायदा किती टिकतो?

2008 मध्ये जम्मूच्या कटरा भागात सुरू झालेला घोड्यांचा फ्लू काही महिन्यांत अनेक राज्यांत पसरला होता. घोडे विकले जातात, भाड्याने जातात, सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या बाजारांतून एका जिल्ह्यातून दुसऱ्यात येतात, आणि रोग त्यांच्यासोबत प्रवास करतो. या फ्लूवर लस आहे, पण ती प्रामुख्याने रेसचे घोडे, लष्कर आणि मोठे स्टड फार्म यांच्यापुरती राहते. लाळ्या-खुरकूतसाठी गावोगाव लसीकरण होतं, तसं घोड्यांच्या फ्लूसाठी होत नाही.

दुसरं टोकही याच देशात आहे. जुलै 2025 मध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या अश्वकेंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त क्षेत्र म्हणून मान्यता दिली. भारतीय खेळाडूंचे घोडे परदेशातल्या स्पर्धांना जाऊ शकावेत, हा त्यामागचा एक मोठा हेतू. तिथे प्रत्येक घोड्याच्या आरोग्याची नोंद ठेवली जाते.

घाटात धावणाऱ्या घोडीसाठी अशी नोंद सुरू करायला एक वही पुरते: तारीख, ताप, धनुर्वाताची आणि फ्लूची लस कधी दिली, जंताचं औषध कधी, दात कधी तपासले, घोडी कुठल्या गावाहून कधी आली. नवा घोडा आणला तर तो दोन-तीन आठवडे वेगळा बांधायचा आणि रोज सकाळी त्याचा ताप त्याच वहीत लिहायचा. मध्यरात्री डॉक्टर आले की ते पहिल्यांदा हीच माहिती विचारतात.