सात वाजता कुठे जायचं?

संध्याकाळचे सात वाजले की तुमच्या घरात काय चालतं? कुणी कुकर लावतं, कुणी मोबाइल घेऊन बसतं. काही घरांत मात्र बायको दाराकडे बघत असते. आज हे सरळ घरी येणार, की कुठे ‘बसून’ येणार?

माझ्या मोठ्या बहिणीने अशी बरीच वर्षं काढली. ती तंजावरकडच्या मराठी कुटुंबात दिलेली; घर कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैला. दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी दारू सोडली. यंदा सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा माझ्या लेकीने सहज विचारलं, ‘‘काका, इथे जुन्या वस्तीत एखादा मस्त कॉकटेल बार असेल ना? सगळे जाऊ या!’’

बहिणीच्या हातातला डाव तसाच राहिला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीला काहीच माहीत नव्हतं. भाऊजी मात्र हसले. ‘‘चल, तुला माझा बार दाखवतो.’’

रिक्षाने आम्ही महामहम तलावावर आलो. काठावर सोळा मंडप आहेत, नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी बांधलेले. आपल्या नाशिकसारखाच इथेही बारा वर्षांनी स्नानाचा सोहळा असतो. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ मध्ये. भाऊजींनी गोष्ट सांगितली : प्रलयात अमृताचा कुंभ तरंगत इथे आला, शंकराने बाण मारून तो फोडला आणि सांडलेल्या अमृताचा तलाव झाला. साक्कोट्टैच्या देवाचं नावही अमृतकलशनाथ. ‘‘पिण्याच्या घड्यावरून नाव पडलेलं आमचं गाव,’’ ते म्हणाले, ‘‘मी फक्त घडा चुकीचा धरला होता.’’

मग त्यांचा ‘बार’! एका गल्लीतलं साधं कॉफीचं हॉटेल. पितळी पेला आणि खोलगट वाटी, म्हणजे डबरा. फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेला दाट काढा, पाणी न घातलेलं दूध, साखर आणि फेस येईपर्यंत वरखाली ओतणं. हीच कुंभकोणमची डिग्री कॉफी. लेकीसाठी पन्नीर सोडा मागवला. ती पनीरचे तुकडे शोधायला लागली! तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. शेवटी कावेरीकाठचं कोवळं विड्याचं पान.

पान चघळताना भाऊजी म्हणाले, ‘‘दारूपेक्षा सातची वेळ सोडणं जड गेलं. हात रिकामे, मित्र सगळे तिकडे. घरात बसलो की भिंती अंगावर यायच्या. मग ही म्हणाली, आपण रोज बाहेर जाऊ, मी येते.’’

‘‘कधीच मोडलं नाही?’’ मी विचारलं.

‘‘एकदा मोडलं,’’ ते म्हणाले. ‘‘त्या रात्री ही एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सातला चपला घालून दारात उभी.’’

बहीण तलावाकडे बघत होती. एवढ्या वर्षांत हे मला तिने सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं.

तुमच्या घरात कुणी दारू सोडत असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं, तर हातपाय कापतात, फिट्सही येऊ शकतात. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. भाऊजींनीही तेच केलं होतं. आणि बाटली गेली म्हणजे संपलं, असं समजू नका. तिची वेळ मागे उरते. त्या वेळेला चालणं असो, भजन असो, पत्त्यांचा डाव असो, काहीतरी द्या आणि सोबत जा. लग्नकार्यात ‘एका घोटाने काय होतंय’ असं म्हणणाऱ्याला तुम्हीच थांबवा. ते त्या माणसावर सोडू नका.

परतताना लेक रिक्षात गप्प होती. घर आल्यावर हळूच म्हणाली, ‘‘काका, उद्या पण सातला?’’

‘‘सातला,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘आणि उद्याचं बिल तुझं.’’