कार्डाच्या विक्रीवरील वटाव कोणीं सोसावा?

पेण व रोहें तालुक्यांतील कित्येक शेतकरी आपला तांदूळ, पोहे व वाल दलालाच्या हवालीं न करतां वडखळ, नागोठणें, कोलाड येथें मुंबई-गोवा रस्त्यावर स्वतःच विकतात. आडत व तोलाई वांचते, हें खरें. परंतु कार्डाच्या यंत्रांत एक नवी आडत बसलेली आहे, तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

पूर्वीं हुंडी वटवितांना जसा वटाव कापीत, तसाच हा प्रकार आहे. गिऱ्हाइकानें कार्ड लावलें म्हणजे विक्रेत्याच्या खात्यांत पुरी रक्कम येतेच असें नाहीं. कापलेल्या रकमेचा मोठा वांटा कार्ड देणाऱ्या बँकेस जातो. उरलेला कार्डाची कंपनी व यंत्र देणारी बँक वांटून घेतात.

पांच हजारांचा तांदूळ विकला असें धरूं. रुपे डेबिट कार्डानें, अगर यु.पी.आय.च्या द्वारें बँकखात्यांतून, पैसे आले तर १ जानेवारी २०२० पासून वटाव नाहीं. इतर डेबिट कार्डांवर, वार्षिक विक्री वीस लाखांपर्यंत असलेल्या विक्रेत्याकडून रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या आदेशान्वयें शेंकडा ०.४० हून अधिक घेतां येत नाहीं. म्हणजे २० रुपये, जी.एस.टी.सह २३ रुपये ६० पैसे. क्रेडिट कार्डास मात्र अशी मर्यादाच नाहीं. शेंकडा २ दर ठरला असल्यास जी.एस.टी. धरून ११८ रुपये गेले. पोतें तेंच, भाव तोच!

क्रेडिट कार्डाचा दर चढा कां? गिऱ्हाइकास कित्येक दिवस बिनव्याजी उधारी मिळते, वर बक्षिसेंही मिळतात. त्या खर्चाचा बराच भाग विक्रेत्याच्या वटावांतून निघतो. उधारी मुंबईकरानें घ्यावी आणि तिचें मोल रोह्याच्या शेतकऱ्यानें भरावें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. फळें व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी, असें राज्य सरकारनें २०१६ सालीं ठरविलें. येथें उलट आहे. डेबिट कार्डाचा वटाव गिऱ्हाइकावर लादण्यास मनाई आहे. ती असूं द्यावी. पण मग लहान विक्रेत्यासाठीं क्रेडिट कार्डाचाही कमाल दर सरकारनें ठरविलाच पाहिजे.

तोंपर्यंत, करारांत सर्व कार्डांस एकच दर लिहिला असेल तर सही करूं नये. रुपे, इतर डेबिट व क्रेडिट यांचे दर निरनिराळे मागावे. दहापंधरा शेतकऱ्यांनीं मिळून मागितल्यास घासाघीस करणें सोपें जाईल. यंत्राच्या मासिक भाड्याचीही चौकशी करावी. पावसाळ्यांत रस्त्यावरची विक्री मंदावते व यंत्र फडताळांत पडून राहतें, भाडें मात्र चालूच असतें. त्या महिन्यांचें भाडें तहकूब ठेवण्याची अट आधींच लिहून घ्यावी.