तळे साऱ्यांचे, खर्च एकट्याचा का?

पाखरे जगावीत याला शेतकऱ्याचा विरोध नाही. ज्वारी हुरड्यात आली की पहिला घास तीच घेतात; त्याचे बिल आपण कुणाला पाठवलेले नाही. प्रश्न एवढाच आहे की राखण साऱ्या देशासाठी, तर किंमत काठावरच्या गावानेच का मोजावी?

आपल्याच जिल्ह्यात कोयना धरणात शेते बुडाली. शिवसागराच्या काठावर जी गावे उरली, त्यांच्यावर १९८५ साली अभयारण्य आले, २०१० साली व्याघ्र प्रकल्प.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या जमिनीत वारसाखेरीज कुणालाच नवा हक्क मिळत नाही. म्हणजे सातबारा तुमचा, पण गिऱ्हाईक नाही. कलेक्टरांनी हक्कांची चौकशी दोन वर्षांत संपवावी, पण 'शक्यतो'! मुदत टळली तरी अधिसूचना कायम. उलट २०१३ च्या भूसंपादन कायद्यात घोषणेनंतर बारा महिन्यांत निवाडा झाला नाही आणि सरकारने मुदत वाढवली नाही, तर संपादनच रद्द होते.

खटाव तालुक्यातला मायणी तलाव २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव झाला. असे राखीव सरकारी जमिनीवरच, गावाशी सल्लामसलत करून होते. समितीत ग्रामपंचायतीचा माणूस असतो. शेतकऱ्याची जमीन न घेताही पाखरे राखता येतात, ती अशी.

जिथे खासगी जमीन घ्यावीच लागेल, तिथे मुदत बंधनकारक हवी. आधी मोजणी, मग दाम, शेवटी फलक. मुदतीत दाम नाही, तर जमीन मोकळी. शेतकरी भावांनो, जिल्हा बैठकीत हाच ठराव मांडा.