चौथीची क्षेत्रभेट

दहावीच्या भूगोलाचं पुस्तक क्षेत्रभेटीनेच उघडतं. नळदुर्गहून निघालेली मुलं अलिबागच्या समुद्रापर्यंत पोचतात. पाठ उत्तम आहे. पण त्यासाठी दहावीपर्यंत थांबायचं कशाला?

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या चौथीच्या वर्गाला उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्या. कुंडाच्या पाण्यात हात घातला की ते गरम लागतं, गंधकाचा वास येतो आणि ‘हे तापवलं कुणी?’ हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. जवळच पैनगंगा आहे. पलीकडचा काठ यवतमाळचा, म्हणजे विदर्भाचा. जिल्ह्याची हद्द डोळ्यांसमोरून वाहताना दिसते. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, हेही गुरुजींनी तिथेच सांगावं.

मग एखाद्या वस्तीवर जावं. बंजाऱ्यांचा तांडा, गोंडांचा गुडा, कोलामांचं पोड: एकाच तालुक्यात माणसं किती तऱ्हांनी घरं मांडतात! साग कुठला, मोह कुठला, हे वर्गात शेवटच्या रांगेत गप्प बसणारं पोडावरचं मूल त्या दिवशी सगळ्यांना सांगू लागेल. मला या भेटीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

फोटो काढून परतू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत जा, गाठी मारलेली दोरी सोबत घ्या. वस्तीवरच्या विहिरीत ती गुरुजींनी सोडावी, ओल्या-कोरड्या गाठी मुलांनी मोजून वहीत लिहाव्यात. परीक्षा संपली की उन्हाळ्यात त्याच विहिरीवर पुन्हा जावं, तीच वही घेऊन.